बगळ्यांचा शेवटचा हिवाळा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आइसश्टाडिओनची, म्हणजे बर्फाच्या स्टेडियमची, मागची भिंत दिसायची, आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत त्या भिंतीपलीकडून ठोके ऐकू यायचे. पक, म्हणजे आइस हॉकीची ती रबरी चकती, रिंकच्या कठड्यावर आपटली की होणारा आवाज. पहिल्या आठवड्यात आईला वाटलं, शेजारी कुणीतरी खिळे ठोकतंय. "यांना रविवारी मिक्सर लावलेला चालत नाही आणि खिळे ठोकलेले चालतात?" ती म्हणाली. आधल्याच रविवारी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आमचं दार वाजवून, अगदी हसतमुखाने, आज 'रूहेत्साइट' म्हणजे शांततेची वेळ असल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून आई शेंगदाण्याची चटणी शनिवारीच करून ठेवायची. एखाद्या रविवारी राहवलं नाही, तर मिक्सरला दोन टॉवेल गुंडाळायची आणि त्याला तान्ह्या बाळासारखं पोटाशी धरून थोडा थोडा फिरवायची. मी दारापाशी उभी राहून जिन्यात कुणाची चाहूल लागतेय का ते ऐकायचे. त्या घरातल्या माझ्या सुरुवातीच्या आठवणी अशा कान लावून उभं राहण्याच्याच आहेत.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. बाबांना इंगोलश्टाटच्या बाहेर, गाड्यांच्या सीट तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. शहरात घर मिळेना, म्हणून आम्ही गाडीने अर्ध्या तासावरच्या या गावात आलो. चर्च, दोन बेकऱ्या, एक सुपरमार्केट आणि गावाच्या अंगाला चांगलंच मोठं होणारं एक बर्फाचं स्टेडियम. बाबा अंधारात निघायचे, अंधारात परत यायचे. आई दिवसभर घरात. मी शाळेत, पण शाळेत असूनही नसल्यासारखी, कारण मला जर्मन येत नव्हतं आणि मुलींचे गट पहिलीपासून ठरलेले होते. मधल्या सुट्टीत मी डबा हळूहळू खायचे. डबा लवकर संपला तर उरलेल्या वेळाचं काय करायचं, हा प्रश्न असायचा. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत माणसांचा आवाज कधी थांबायचा नाही, त्यामुळे आपण एकटे आहोत हे कळायला लागणारी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. ती इथे ऐकली. तिच्यात फक्त ते ठोके होते, आणि म्हणून मला ते आवडायला लागले.

ते ठोके कसले आहेत, हे आम्हाला सांगितलं तळमजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, प्रॉब्स्टनी. मोडून वाकडं बसलेलं नाक, मोठे कान, बायको वारलेली, मुलगी हायडेलबर्गला. सकाळी फुटपाथवरचा बर्फ लोटता लोटता ते बायरिश, म्हणजे बव्हेरियाच्या, बोलीत बोलायचे, आणि ऑफिसात जर्मन बोलणाऱ्या बाबांनाही त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण हॉकीचा विषय निघाला की ते फावडं भिंतीला टेकवून शुद्ध जर्मनमध्ये, हळू, शिक्षकासारखे बोलायला लागायचे. आमच्या गावाच्या टीमचा इतिहास मी असा जिन्यात आणि फुटपाथवर उभ्याने ऐकला. महायुद्धानंतर गावाबाहेरच्या दलदलीत, पीटची माती काढून झालेल्या तळ्यावर, पूर्वेकडून निर्वासित म्हणून आलेली मुलं आणि गावातली मुलं एकत्र खेळायला लागली. एरवी हे दोन गट एकमेकांशी बोलायचे नाहीत. घेवड्याच्या वेलाला लावतात तसल्या काठ्यांचे गोलपोस्ट, नडग्यांना बांधलेली वर्तमानपत्रं. त्या तळ्यावर बगळे असायचे, म्हणून टीमचं नाव 'राइहर', म्हणजे बगळे. जर्सीवर एका पायावर उभा असलेला राखी बगळा. बाहेरगावी खेळायला गेलं की समोरचे प्रेक्षक बेडकासारखं डराव डराव करून चिडवायचे, आणि आमचे लोक ओरडायचे, "बेडकांनो, आम्ही जेवायला आलोय!"

पुढे तळं सोडून रिंक झाली, रिंकवर छप्पर आलं. एका हिवाळ्यात बगळे चक्क दुसऱ्या लीगमध्ये पोहोचले. त्या संघात हेर प्रॉब्स्ट डाव्या बाजूला खेळायचे आणि दिवसा बेकरीत काम करायचे. त्या वर्षी स्टेडियममध्ये गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं येत, असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना नेहमी स्टेडियमच्या भिंतीकडे बघायचे. मग उतार लागला. एक एक लीग खाली. सीमा उघडल्यावर चेक खेळाडू आले, त्यांनी काही वर्षं संघ सावरून धरला. मग गावातल्या फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक अध्यक्ष झाले आणि त्यांच्या जिवावर गाडं चालू राहिलं. आम्ही आलो तेव्हा बगळे चौथ्या-पाचव्या पायरीवर कुठेतरी होते. शुक्रवारी संध्याकाळी तीनचारशे माणसं, एक ढोल, गरम वाइनचा वास. "आल्झो," म्हणजे 'तर मग', हेर प्रॉब्स्ट शेवटी म्हणायचे, "अजून आहोत." आणि फावडं उचलायचे.

मी बर्फावर गेले ते शाळेमुळे. हिवाळ्यात खेळाच्या तासाला वर्गाला स्केटिंगला नेत. मला उभंही राहता येत नव्हतं. कठड्याला धरून मी उभी होते आणि मुलं टेनिसच्या चेंडूने हॉकी खेळत होती. एक चेंडू माझ्या तोंडावर आला आणि मी तो पकडला. त्यात विशेष काही नव्हतं. चिंचवडला पार्किंगमध्ये मी चुलतभावांच्या क्रिकेटमध्ये विकेटकीपर असायचे, कारण मुलीला बॅटिंग शेवटी मिळते आणि कीपिंग कुणालाच नको असतं. पण कठड्यापलीकडे मिलान उभा होता. मिलान म्हणजे त्या चेक खेळाडूंपैकी एक, जो खेळणं संपल्यावर परत गेला नाही, इथेच मुलांचा प्रशिक्षक झाला. त्याने दुसरा चेंडू मारला, मुद्दाम. तोही पकडला. तिसरा माझ्या कपाळाला लागला आणि मी रडले नाही, हे त्याला सगळ्यात जास्त आवडलं असावं. "घाबरत नाहीस?" त्याने विचारलं. मला प्रश्न कळला नाही, म्हणून मी त्या काळात सगळ्यालाच देत असे ते उत्तर दिलं. "गेनाऊ," मी म्हणाले. अगदी बरोबर.

गोलकीपरचं सामान क्लबचं होतं. माझ्याआधी पाच-सहा मुलांनी घामाने भिजवलेलं, वास येणारं. आईने ते बाल्कनीत उन्हात टाकलं, तर ऊनच नव्हतं. तिने पॅडच्या आतून लिंबू आणि सोडा चोळला. मला पहिल्यापासून ती जागा आवडली. बाकीचे पाच जण येतात, जातात, बदलतात. गोलकीपर तिथेच. तिच्याशी कुणी बोलत नाही आणि ते कुणाला विचित्र वाटत नाही. शाळेच्या अंगणात एकटं उभं राहिलं की सगळे बघतात, इथे एकटं उभं राहणं हेच काम होतं. मुलग्यांच्या संघात मी एकटी मुलगी, त्यामुळे कपडे बदलायला मला प्रथमोपचाराची खोली मिळाली. स्ट्रेचर, पांढरं कपाट, एक खुर्ची. भिंतीपलीकडे मुलं गाणी म्हणायची, ओरडायची, एकमेकांवर टेप फेकायची. मी माझ्या पॅडचे पट्टे आवळत ते ऐकायचे. वर्षभरात त्यांची सगळी गाणी मला पाठ झाली. म्हणायची वेळ मात्र कधी आली नाही.

आई चिंचवडला फिजिओथेरपिस्ट होती. तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं क्लिनिक होतं. गुडघे आणि खांदे धरून आलेली माणसं तिच्याकडून चालत जात. इथे तिच्या पदवीला मान्यता मिळवायला आधी भाषेची परीक्षा, मग पुन्हा शिक्षण, मग पुन्हा परीक्षा. ती भाषा शिकली, चांगली शिकली. मान्यता येईपर्यंत म्हणून गावच्या वृद्धाश्रमात मदतनीस झाली. तिथे एकदा एका आजोबांचा खांदा कसा धरायचा ते ती नव्या थेरपिस्ट मुलीला सांगायला गेली, तर त्या मुलीने तिला अगदी गोड आवाजात चादरी बदलायला सांगितलं. आईने हे जेवताना सांगितलं, हसत. बाबाही हसले. मग थोड्या वेळाने बाबांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"हेमंत, मी तीन महिने जाऊन येते," ती म्हणाली. "स्मिताला क्लिनिक एकटीला झेपत नाहीये."

"तीन महिने?" बाबांनी विचारलं.

"बघू."

मी तेरा वर्षांची होते. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने मला समोर बसवलं. थालीपीठ केलं होतं, डिंकेल नावाच्या इथल्या गव्हाच्या पिठाचं. ते नेहमी तुटायचं आणि तरीही ती करायची. "तू येतेस का माझ्याबरोबर?" तिने विचारलं. "खरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही बोलू नकोस." मी थालीपीठाचा तुकडा तोडला. संघाचे सामने नुकते सुरू झाले होते, पहिल्या तिन्ही सामन्यांत मला गोलमध्ये उभं केलं होतं. मी म्हणाले, "सीझन संपल्यावर?" तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं." सीझन संपला तेव्हा विचारायचं दोघींकडूनही राहून गेलं. तीन महिन्यांचे सहा झाले, मग ती वर्षातून एकदा उन्हाळ्यात यायला लागली, पाहुणी येते तशी, सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन. आईबाबांनी घटस्फोट कधी घेतला नाही. त्यांच्यात भांडण झालेलंही मी ऐकलं नाही. आज, माझा स्वतःचा संसार होऊन, मोडून, पुन्हा उभा राहिल्यावर, मला त्या दोघांचं जास्त कळतं असं म्हणावंसं वाटतं. पण खरं म्हणजे अजूनही कळत नाही.

घरात मग आम्ही दोघंच. बाबा शांत माणूस. आई गेल्यावर त्यांची शांतता भांड्यांमधून ऐकू यायला लागली. कुकरच्या शिट्ट्या ते बोटांवर मोजायचे आणि तरी एक जास्त व्हायची. सोमवारी खिचडी, मंगळवारी ब्रेड, बुधवारी उरलेल्या खिचडीची धिरडी, आणि मग जेवण बनवणं या गोष्टीला ते कंटाळायचे. आईने पाठवलेल्या गोड्या मसाल्याचं पाकीट ते चिमटा लावून, वर डबा, वर दुसरा डबा असं जपायचे, जणू वास संपला तर नवा मिळणार नाही. माझ्याशी ते मराठीत बोलायचे, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. मला ते जाणवायचंही नाही. शुक्रवारी संध्याकाळी मात्र ते ऑफिसातून थेट स्टेडियमवर यायचे. मोठ्यांच्या संघाचा सामना आम्ही हेर प्रॉब्स्टबरोबर बघायचो, कागदी द्रोणातले बटाट्याचे तळलेले तुकडे खात. शाकाहारी माणसाला तिथे तेवढंच मिळायचं. बाबांना नियम कळायला दोन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "अरे पास दे की!" मराठीत. पुढच्या ओळीतल्या लोकांनी वळून बघितलं आणि एकाने त्यांच्याकडे बघून मान डोलावली. अर्थ पोहोचला होता.

मी सतरा वर्षांची असताना, नाताळनंतर, फर्निचरच्या दुकानाचे मालक गेले. त्यांच्या मुलांनी दुकान विकलं, आणि दुकानाबरोबर बगळ्यांचा आधार गेला. जानेवारीच्या एका सामन्याआधी क्लबच्या उपाध्यक्षांनी माइकवर येऊन सांगितलं की संघ दिवाळखोरीत निघाला आहे. ढोल वाजवणारा मुलगा ढोलावर हात ठेवून उभा राहिला. आठवड्याभरात बाहेरून आलेले खेळाडू निघून गेले. ज्यांना दुसऱ्या संघांनी घेतलं ते गेले, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, माणसांना घरं असतात. गावातले चार जण उरले. सीझनचे सामने मात्र बाकी होते, आणि मिलान म्हणाला की मध्येच माघार घेतली तर क्लबच बाद होईल आणि लहान मुलांचे संघही त्याच्याबरोबर जातील. सीझन पुरा केला तर निदान मुलांना खालून का होईना, सुरुवात करता येईल. म्हणून उरलेले सामने ज्युनियर मुलं खेळणार, मोठ्या पुरुषांविरुद्ध. आमच्या ज्युनियर संघाचा पहिला गोलकीपर त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी गेला होता. दुसरी मी होते.

मिलान आमच्या घरी आला. बूट दाराबाहेर काढून, जाड मोज्यांत, आमच्या सोफ्याच्या अगदी काठावर बसला. बाबांनी त्याला चहा दिला, आलं घातलेला.

"समोर मोठी माणसं आहेत," बाबा जर्मनमध्ये म्हणाले. "शंभर शंभर किलोची."

"हो," मिलान म्हणाला. "मी खोटं सांगणार नाही. लागेल. पण मुद्दाम तिला कुणी इजा करणार नाही, मी त्या सगळ्यांना ओळखतो. आणि हरणार आपण. सगळे सामने. खूप वाईट हरणार."

"मग हिला कशाला उभं करायचं?"

मिलानने कप खाली ठेवला. "कारण कुणीतरी उभं राहिल्याशिवाय सामना होत नाही, हेर देशपांडे."

बाबा माझ्याकडे वळले. "तुला खेळायचंय?"

"या," मी जर्मनमध्ये होकार दिला.

"मराठीत सांग, रेवती."

साधे दोन-तीन शब्द, पण ते तोंडात आणायला मला दुसरीकडे कुठेतरी जाऊन यावं लागलं. "हो, बाबा. खेळायचंय."

रविवारी आईला फोन केला तेव्हा बाबांनीच तिला सगळं सांगितलं. मला फोन दिल्यावर तिने आधी जेवलीस का ते विचारलं. मग म्हणाली, "क्लब बंद होणार ना? मग आता कशासाठी थांबतेस? बारावी इथे कर. इथे माझ्याजवळ ये." चार वर्षांत तिने हे पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं होतं. आणि तिचं बरोबर होतं. सीझन संपल्यावर, असं मीच म्हणाले होते, आणि आता तर सगळ्याच सीझनांचा शेवट होत होता. मी म्हणाले, "शेवटचा सामना झाला की सांगते." तिकडे तिच्या क्लिनिकमध्ये कुणीतरी दार उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली.

आम्ही हरलो. मिलान म्हणाला होता तसेच हरलो, प्रत्येक वेळी दहाच्या वर गोल खाऊन. पुरुषांचे फटके मुलांच्या फटक्यांपेक्षा वेगळे असतात. पक येताना दिसत नाही, अंगावर आल्यावरच कळतो. मांड्यांवर, दंडांवर निळेजांभळे डाग पडले. बसमधून परत येताना मुलं बोलायची नाहीत. आमचा कॅप्टन टोबी, जो एरवी दोन मिनिटं गप्प बसू शकायचा नाही, खिडकीला डोकं टेकून बसायचा. मी पुढच्या सीटवर, माझ्या बॅगेशेजारी. पण कुठेतरी तिसऱ्या सामन्यानंतर टोबी येऊन बॅग उचलून वर ठेवून माझ्या बाजूला बसला. अर्धं सफरचंद दिलं. गावापर्यंत आम्ही तसेच आलो.

शेवटचा सामना आमच्या घरच्या रिंकवर होता, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, वीस किलोमीटरवरच्या गावाविरुद्ध, ज्यांच्याशी आमचं तळ्यावरच्या दिवसांपासून वैर. स्टेडियम भरलं होतं. मी ते कधी भरलेलं पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक आले होते, जुन्या, पोटावर ताणलेल्या जर्सी घालून. हेर प्रॉब्स्ट टाय लावून आले होते. बाबा त्यांच्याशेजारी उभे होते आणि त्यांनी हातात फोन उंच धरला होता, कॅमेरा बर्फाकडे करून. चिंचवडला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. आई बघत होती. मी हॉकी खेळायला लागल्यापासून तिने बघितलेला हा माझा पहिला सामना, कारण ती इथे असायची तो उन्हाळा, आणि उन्हाळ्यात बर्फ नसतो. त्याआधी, ती इथे राहत होती तेव्हा, पहिल्या हिवाळ्यात मी सामने खेळत नव्हते, आणि पुढे रविवारी तिची वृद्धाश्रमाची पाळी असे.

हॉकीचा सामना तीन भागांत होतो. पहिल्या भागात त्यांनी पाच गोल केले, दुसऱ्यात चार. लोक मात्र गप्प बसले नाहीत. मी एखादा अडवला की असा आवाज व्हायचा, जणू आम्ही जिंकतोय. दुसऱ्या भागाच्या शेवटी टोबीने एक गोल केला, तिरका, कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेलेला. लोकांनी आनंदाने फेकलेल्या टोप्यांचा वरून पाऊस पडला आणि टोप्या गोळा करायला खेळ थांबवावा लागला. मग तिसरा भाग सुरू झाला आणि काहीतरी बदललं. समोरचे लोक मारेनात. पक एकमेकांना देत राहिले, निळ्या रेषेबाहेर, म्हणजे माझ्या गोलपासून लांब, सावकाश, मैदानात फिरायला आल्यासारखे. माझ्याजवळ आलेला त्यांचा एक खेळाडू, मोकळा असूनही, मागे वळला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. खिलाडूपणा म्हणून.

मला ते सहन झालं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज इतकंच सांगता येतं की गोलमध्ये एकटं उभं राहणं मला कधी जड गेलं नव्हतं, पण त्या काही मिनिटांत, ज्या जागेवर माझं काम होतं त्याच जागेवर मला शोभेला ठेवल्यासारखं झालं. हसतमुखाने दार वाजवणाऱ्या बाई, गोड आवाजात चादरी बदलायला सांगणारी ती मुलगी, सगळी चांगली माणसं. मी काठी बर्फावर आपटली. एकदा, दोनदा. कुणी बघेना, तेव्हा ओरडले, "शीस्ट डोख एंडलिख!" मारा ना एकदाचे! माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. छपराखाली तो घुमला. सगळं स्टेडियम गप्प झालं. समोर त्यांचा एक दाढीवाला, आडवा बचावपटू पक घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग हसला, मान हलवली आणि निळ्या रेषेवरून जीव खाऊन मारला. तो पक मला दिसला. एवढ्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदा येताना दिसला, छोटा, काळा, थोडा डोलत. मी हात वर नेला आणि तो माझ्या ग्लव्हमध्ये येऊन बसला.

त्यानंतर त्यांनी मारले, खरे, आणि अजून तीन गोल झाले. पण त्या पकनंतर जो आवाज झाला तो अजूनही कधीकधी, हॅनोव्हरच्या माझ्या घरात, काही कारण नसताना कानात येतो. शेवटची शिट्टी झाल्यावर त्यांचा संघ आपल्या बाकाकडे गेला नाही. ओळीने उभे राहून सगळ्यांनी काठ्या बर्फावर आपटल्या. तो दाढीवाला हस्तांदोलन करताना म्हणाला, "सॉरी. तू म्हणालीस ते बरोबर होतं." आमच्या मुलांपैकी काही रडत होती. हेर प्रॉब्स्ट कठड्यापाशी आले, माझ्या हेल्मेटवर बोटाने टकटक केलं आणि बाबांकडे बघत म्हणाले, "तुझ्या वडिलांचा फोन पहिला भाग संपता संपताच बंद पडला. रेंज गेली, एवढी माणसं आल्यावर काय होणार. मी सांगितलं त्यांना, स्क्रीन काळी झालीय म्हणून. तरी शेवटपर्यंत हात खाली घेतला नाही."

स्टेडियम चालवायला पैसे नव्हते, म्हणून त्या उन्हाळ्यात छप्पर उतरवलं. आता तिथे बागकामाच्या सामानाचं दुकान आहे, आणि पार्किंगमध्ये एक ट्रॅम्पोलिन. लहान मुलांचा संघ शेजारच्या गावाने, त्याच वैऱ्यांनी, सामावून घेतला. जर्सीच्या बाहीवर त्यांनी एक छोटा बगळा ठेवला आहे, असं ऐकते.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. उठताच येईना. बाबा ऑफिसला गेले होते, जाताना पलंगाशेजारी दुधाचा कप आणि बिस्किटं ठेवून. घरात कुणी नव्हतं. दहा वाजता आईचा फोन आला. तिने आधी कॅमेरा गुडघ्यांकडे करायला सांगितला, मग दंडांकडे, मग कुठे दाबलं की दुखतं ते विचारलं. पाय उशीवर घ्यायला लावले, एक एक करून वाकवून घेतले. मला माहीत होतं, पुढे काय येणार आहे ते, आणि तिलाही माहीत होतं. शेवटी मीच म्हणाले, "आई, मी येत नाहीये." मराठीत म्हणाले. कसं कुणास ठाऊक, या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत.

ती स्क्रीनवर दिसत होती, पांढरा कोट, मागे तिच्या क्लिनिकची हिरवी भिंत. तिने चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला.

"काल मला पहिलाच भाग दिसला," ती म्हणाली. "पाच गोल झाले तुझ्यावर. प्रत्येक वेळी तू मागे वळायचीस, जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायचीस, एक घोट प्यायचीस, आणि ती परत होती तिथेच, अगदी सरळ, ठेवायचीस. माझ्या घरात एक बाटली कधी जागेवर ठेवली नाहीस तू."

मी पायाखालची उशी सरळ केली.

"म्हणून मला कालच कळलं," आई म्हणाली. "आता उजवा पाय. हळू. श्वास सोड."